जोडीनं बसणं

सकवारबाईंनी ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्या पूजेला बसायला बाहेरच्या खोलीत आल्या. संडूरहून त्यांना न्यायला आलेला भाऊ विठोजी दाराबाहेर कट्ट्यावर बसला होता. सत्यनारायण झाला, प्रसाद घेतला, की घोड्याचा जटका करून दोघं स्टेशनवर जाणार होती. माहेरी चार दिवस राहून येते, असं त्यांनी शेजारणींना सांगितलं होतं. परत यायचं नाही, हे फक्त विठोजीला ठाऊक होतं.

सन एकसष्टचा श्रावण होता. लेक लग्न होऊन हुबळीला गेली होती आणि चामराजपेटेतल्या त्या घरात दोघंच उरली होती. लाकडाच्या वखारीतली कारकुनी सोडून मानसिंगराव घरी बसले, तेव्हा सकवारबाई मनातून खूश झाल्या होत्या. जन्मभर वखारीत अडकलेला नवरा आता आपल्या वाट्याला येईल, असं त्यांना वाटलं होतं. झालं भलतंच.

गेलं वर्षभर मानसिंगरावांनी बायकोकडे धड बघितलं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. रोज संध्याकाळी दोघं कट्ट्यावर बसत. लग्नापासूनच्या रिवाजाप्रमाणे सकवारबाई नवऱ्याच्या डाव्या हाताला. उजवीकडे शेजारचे फत्तेसिंग येऊन टेकले, की मानसिंगरावांची कळी खुले. काय ते हसणं, काय त्या गप्पा. मध्येच सकवारबाईंनी काही विचारलं, तर ते मान वळवत ती फत्तेसिंगांकडे, आणि ‘काय म्हणालात?’ असं फत्तेसिंगांनाच विचारत. फत्तेसिंग बिचारे गोंधळून जात.

जेवणाचीही तीच गत. भाजी, आमटी, भात सगळं चाटूनपुसून संपे. पानात डावीकडे वाढलेली चटणी मात्र तशीच राही. एके काळी हीच चटणी ते दोनदा मागून घेत. चटणीत काय कमी पडलं, असं सकवारबाईंनी डाव्या अंगाला उभं राहून विचारलं, तर नवरा उजवीकडच्या खिडकीकडे तोंड करून म्हणे, काही नाही. पुढे पुढे दाढी करतानाही डाव्या गालावर खुंट राहू लागले. बायकोसमोर नीटनेटकं दिसावं एवढंही यांना आता वाटत नाही, हे सकवारबाईंना फार लागलं.

मग त्यांनीही बोलणं टाकलं. आपण हाक मारायची आणि त्यांनी तोंड फिरवायचं, हे किती सोसायचं? भिंतीशी बोललं तर भिंत निदान तोंड तरी फिरवत नाही. वाढायचं, चुलीपाशी परत यायचं आणि संध्याकाळी कट्ट्यावर मुकाट बसायचं, एवढंच त्या करू लागल्या. घर एवढंसं, पण त्यात त्यांना इतकं एकटं वाटे की कधी कधी त्या मांजराशी मोठ्याने बोलत. शेवटी त्यांनी भावाला बोलावून घेतलं. पूजा त्यांनीच घातली होती. घर सोडायचं तर देवाला सांगून सोडावं.

आता पूजेलाही सवयीने त्या नवऱ्याच्या डावीकडे बसू लागल्या, तसं भटजींनी अडवलं. पूजेला बायकोने उजवीकडे बसायचं असतं. लेकीच्या लग्नानंतर जोडीनं बसणं झालंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या ध्यानातून ते गेलं होतं. त्या पाट उचलून उजवीकडे गेल्या. संकल्पाच्या वेळी भटजींनी नवऱ्याच्या हाताला हात लावायला सांगितलं. त्यांनी नाइलाजाने दोन बोटं टेकवली.

मानसिंगरावांनी मान वळवली आणि ते बघतच राहिले. पळीतलं पाणी पाटावर सांडलं.

“आलीस?” ते हळूच म्हणाले. “मला वाटलं, तू माझ्याजवळ बसायचंच सोडलंस. वाढतेस आणि निघून जातेस. वर्षभर वाट बघितली तुझी.”

सकवारबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. रोज शेजारी बसणाऱ्या बायकोला हा माणूस असं म्हणतो? त्या तोंड उघडणार, तेवढ्यात भटजींनी फुलं वाहायला सांगितलं. फुलांचं तबक मानसिंगरावांच्या डाव्या गुडघ्याशी होतं. ते उजवीकडे चाचपू लागले. स्वल्प डावीकडे बघा, असं भटजी म्हणाले. मानसिंगरावांनी मान डोलावली आणि पुन्हा उजवीकडेच शोधलं. समईमागे बघितलं, पाटाखाली बघितलं. मग चुकलेल्या पोरासारखे ओशाळून बसून राहिले.

सकवारबाईंनी वाकून तबक उचललं आणि आपल्या बाजूला ठेवलं. मानसिंगरावांचा हात लगेच फुलांवर गेला.

सकवारबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. वय होता होता नवऱ्याच्या ध्यानातून सगळी डावी बाजूच हळूहळू निसटून गेली होती आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. आपण हाक मारल्यावर त्याने मुद्दाम तोंड फिरवलं नव्हतं. तो आपल्याला शोधत होता, आणि आपण त्याला सापडत नव्हतो. त्यांना रडू आलं. भटजींना वाटलं, धुराने डोळे चुरचुरले असतील.

आरती झाली. विठोजी दारात येऊन उभा राहिला. जटका आला होता. भटजींनी हातात अक्षता घेतल्या आणि सांगितलं की पूजा संपली, आता आशीर्वादाला अक्कांनी यजमानांच्या डावीकडे यावं, तीच पत्नीची जागा.

सकवारबाई हलल्या नाहीत. विठोजीला त्यांनी हातानेच जा म्हणून खुणावलं.

“अक्षता इथंच टाका, भटजी,” त्या म्हणाल्या. “तिकडं मी यांना दिसत नाही.”