दुरुस्त केलेलं घड्याळ

संचारबंदी लागली तेव्हा आईच्या माहेरी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आलेले बाबा तिथेच अडकले. घड्याळ तासाभरात चालू झालं. बाबा मात्र पाच दिवस तेच स्क्रू आवळत बसले. सहाव्या दिवशी दहा ते बारा सूट मिळाली. “घड्याळजी, घड्याळ चालतंय, आता तुम्हीही चला,” आजोबा म्हणाले. एकदा गेल्यावर बाबांना परत यायला निमित्त उरणार नव्हतं. भिंतीवरच्या साडेअकराला बाबा पिशवी घेऊन उठले, तोच सूट संपल्याचा भोंगा झाला. आजोबांनी कपाळाला हात लावला. पुढच्या महिन्यात ते बाबांचे सासरे झाले. चाळीस वर्षांनी आईने कबूल केलं, “काटे मीच अर्धा तास मागे सारले होते.” “पण बाबा, मनगटावर घड्याळ असेलच की!” “होतं. सेकंदाला पक्कं,” बाबा म्हणाले. “पण आपणच दुरुस्त केलेल्या घड्याळावर विश्वास नाही ठेवला, तर धंदा कसा चालायचा?”