कोलीन विरुद्ध इंग्रिड

"वेबवरचं पान अजून कोरंच आहे, ओरेस्ट," डीन पेटिग्रू दारातूनच म्हणाले. "सोमवारी अनुदान मंडळाची माणसं ते उघडून बघणार. तेव्हाही कोरं असलं, तर इंटरनेटची लाइन जाईल आणि तिच्यामागोमाग तुमचा इतिहासाचा वर्गही."

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या छोट्या कॉलेजात वेब नुकतंच आलं होतं. मंडळाची अट एकच. प्राध्यापक ओरेस्ट बोयकोंच्या वर्गानं सीमेपलीकडच्या, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या एका कॉलेजच्या वर्गाशी वेबवर चर्चा करायची. विषयही ठरला होता : प्रेअरी, म्हणजे इथली अफाट गवताळ मैदानं, कुणी वसवली, रेल्वेनं की गव्हानं?

ओरेस्टची मुलं संगणकाच्या खोलीत जायची आणि पत्ते खेळून परत यायची. "लिहा रे काहीतरी," तो विनवायचा.

"सर, ते मॉडेम किंचाळायला लागलं की माझं डोकंच उठतं," एकजण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

रविवारी ओरेस्ट चर्चला गेला नाही. रिकाम्या खोलीत संगणकासमोर बसून त्यानं एका बोटानं टाइप केलं : 'रेल्वेचं कौतुक पुरे. गहू नसता तर गाडीनं काय बर्फ वाहिला असता?' खाली नाव घातलं, कोलीन. या नावाची मुलगी त्याच्या वर्गात तर नव्हतीच, अख्ख्या कॉलेजातही नव्हती.

सोमवारी सकाळी उत्तर हजर. 'आणि रेल्वे नसती तर तुमचा गहू बंदरापर्यंत काय उंदरांनी नेला असता? – इंग्रिड.'

ओरेस्ट मोठ्यांदा हसला. आयुष्यभर शिकवलं, पण त्याच्याशी असं कुणी भांडलंच नव्हतं. कोलीननं तडक उलटा जबाब दिला. तिच्या मदतीला टॉड नावाचा एक आळशी मुलगा जन्माला आला. टॉडच्या शुद्धलेखनाच्या चुका ओरेस्ट फार मन लावून करायचा. तिकडून इंग्रिडच्या बाजूनं लार्स मैदानात उतरला. तिकडच्या प्राध्यापिका मार्जोरी ट्वेट यांची मुलं अर्धविरामसुद्धा अचूक जागी द्यायची. काय शिकवते ही बाई, ओरेस्टला वाटायचं, आणि मग मनातल्या मनात लाज वाटायची.

हिवाळाभर भांडण रंगलं. मंडळ खूश, डीन त्याहून खूश. एक दिवस ते हात चोळत आले. "दोन्ही वर्गांची समोरासमोर भेट! मंडळाची माणसं येणार, वर्तमानपत्रवाले येणार!"

ओरेस्टच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानं मार्जोरीबाईंना फोन लावला. "बाई, रस्त्यावर बर्फ फार आहे हो."

"हो ना, भयंकर!" त्या लगेच म्हणाल्या. "पुढच्या वर्षी भेटायचं का?"

"पुढच्या वर्षी उत्तम!"

पण त्यांच्या डीननं बस ठरवून टाकली होती.

ओरेस्ट नाट्यविभागातल्या ग्वेनकडे गेला. "ग्वेन, मला एक मुलगी आणि एक मुलगा हवाय."

"हुशार हवेत?"

"पाठांतर चांगलं हवं."

ग्वेननं चष्मा काढून ठेवला. "काय करून ठेवलंयस, ओरेस्ट?"

"शिकवतोय," तो म्हणाला.

भेटीच्या दिवशी सभागृह भरलं. कोलीन उठली आणि रेल्वेवर अशी तुटून पडली, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी पाय आपटून दाद दिली. इंग्रिडही काही कमी नव्हती. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचत होता. टॉडनं मुद्दाम अडखळून हशा मिळवला, तर लार्सनं टेबलावर मूठ आपटली. कोलीनची प्रत्येक ओळ ओरेस्ट तिच्या आधी मनात म्हणत होता. व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला मार्जोरीबाई डोळे मिटून, ओठ हलवत बसल्या होत्या. प्रार्थना करत असतील बिचाऱ्या, असं त्याला वाटलं.

मंडळाच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे उठून अनुदान पुढे चालू राहील असं जाहीर केलं. पेटिग्रूंनी भर सभेत ओरेस्टला मिठी मारली.

जेवणात बटाट्याचं सारण भरलेल्या, उकडलेल्या पेरोगी होत्या. ओरेस्टला एकही गिळेना. वर्ग वाचला होता, नोकरी वाचली होती, पण समोर ही सरळमार्गी बाई बसली होती. हिनं खरीखुरी पोरं घडवली, आणि आपण तिला सगळा हिवाळा वाऱ्याशी झुंजायला लावलं. बशी बाजूला सारून तो तिच्याकडे वळला.

"मार्जोरीबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय. तुमची मुलं इतक्या प्रामाणिकपणे लढली, आणि मी मात्र..."

"नका हो, नका!" मार्जोरीबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही कशाला काही सांगता? तुमच्यापुढे तर मला मान वर करवत नाही."

"तसं नाही बाई, आधी माझं ऐकून घ्या. ही कोलीन..."

एवढ्यात इंग्रिड हातातली बशी सावरत लगबगीनं आली आणि मार्जोरीबाईंच्या कानाशी वाकली. पण तिचा तो खणखणीत आवाज कुजबुजीत मावणारा नव्हता.

"बाई, ती कोलीन झालेली मुलगी आहे ना, तिला ओळखते मी. गेल्या उन्हाळ्यात विनिपेगच्या नाटकात आम्ही दोघी बहिणी झालो होतो!"