भुवईवरचे टाके

“तुम्ही नाही,” प्रतिमा म्हणाली. लेकीच्या भुवईवर धरलेली ओढणी तिने आणखी घट्ट दाबली. “मोठ्या डॉक्टरांना बोलवा.”

समोरची पोरगी जेमतेम तेविशीची. छातीवर ‘डॉ. मयुरी’ अशी पट्टी, हातात सुई धरलेला चिमटा.

“ताई, सर ऑपरेशनमध्ये आहेत. दोन तास तरी लागतीन. जखम तेवढा वेळ उघडी ठेवणं बरं नाही.”

सहा वर्षांची स्वरदा शाळेच्या फाटकाच्या पत्र्यावर आपटली होती. धामणगाव बढ्याहून बुलढाण्याला येईपर्यंत ओढणी भिजून जड झाली. डोळा थोडक्यात वाचला होता. आता या शिकाऊ हातातली सुई बोटभर खाली सरकली तर? पोर जन्मभर आरशात बघेल आणि विचारेल, आई, तेव्हा तू कुठं बघत होतीस?

“किती जणांना टाके घातलेत तुम्ही?”

“हातापायाले पुष्कळ. चेहऱ्याले...” मयुरी खोटं बोलली नाही. “हा पहिलाच.”

“मग शिकलात कुणावर?”

“अकोल्याले पहिल्या वर्षाले होती तवा. एका बाबांवर. देहदान केलेले.”

प्रतिमाने झटकन वर पाहिलं. तिच्या वडिलांनी, उकंडरावांनी, पाच वर्षांपूर्वी अकोल्यालाच देह दिला होता. फॉर्म स्वतःच भरून ठेवलेला. शालूआत्या भरल्या अंगणात म्हणाली होती, “राख नाही, तं दहावं कशाचं करता? पोट्टे बेडकावाणी चिरतीन माह्या भावाले.” ते वाक्य प्रतिमाच्या पोटात रुतून बसलं होतं. वडील आठवले की चेहऱ्याच्या आधी सुरीच दिसायची.

“आमचे सर लई कडक,” मयुरी सांगत होती. “चिरलं तेवढं शिवल्याशिवाय टेबल सोडू देत नव्हते. म्हणायचे, हा माणूस उद्या लेकीच्या घरी पाहुणा जाणार हाये, असं समजून शिवा. वाकडा आला की उसवा, पुन्हा घाला. त्या बाबांच्या एका हातावर मी सतरा वेळा एकच टाका घातला, ताई.”

“कसे होते ते?”

“नाव सांगत नाहीत आम्हाले. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.”

वडिलांसारखी मलकापूरच्या कापूस जिनिंगमध्ये बोटं गेलेली माणसं काय थोडी आहेत, प्रतिमाने स्वतःला बजावलं. दाबून धरलेल्या हाताखाली पोर वळवळायला लागली.

“छकुली, हलू नको ना बाळा!”

मयुरीचा चिमटा हवेतच थांबला. तिने केसपेपर पाहिला. पोरीकडे पाहिलं.

“काय म्हटलं तुम्ही हिले? कागदावर तं स्वरदा हाये.”

“छकुली. घरचं नाव. हिच्या आबांनी, माझ्या वडिलांनी ठेवलेलं.”

“त्या बाबांच्या डाव्या मनगटावर...” मयुरीने चिमटा ट्रेमध्ये ठेवला. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते भरून आले होते.

प्रतिमाने खाटेची दांडी धरली. नात झाली त्या आठवड्यात आबा यात्रेतून डाव्या मनगटावर ‘छकुली’ गोंदवून आले होते. हिरवं, ठसठशीत, कातडी अजून सुजलेली. म्हातारपणी हे काय खूळ म्हणून घरभर हसले होते सगळे. तेच मनगट. तेच आबा, एका हातावर सतरा वेळा उसवून सतरा वेळा शिवलेले.

पाच वर्षं जे कुणालाच विचारता आलं नव्हतं, ते आता तोंडातून निघून गेलं.

“त्या नावाचं काय केलंत?”

“आम्ही आठ जण होतो त्या टेबलावर, ताई. सर म्हणायचे मनगट उघडा, आम्ही उजवं उघडायचो. वर्षभरात एकानंही त्या नावाले सुरी लावली नाही.”

प्रतिमाने लेकीच्या भुवईवरून हात काढला.