मागच्या दाराची काच

गाडीच्या मागच्या दाराची काच कित्येक महिने खालीच अडकून होती. साहेब रोज ऑफिसच्या फाटकाशी त्या खिडकीतून उरलेली कॉफी फेकायचे, नेमकी ड्रायव्हरच्या थोरल्या बहिणीने नुकत्याच पुसलेल्या पायरीवर. वर म्हणायचे, "पूस गं बाई, तेवढेच हात हलतील." ताई पुन्हा वाकायची.

काल ड्रायव्हरने गॅरेजात काचेची मोटर बदलून घेतली आणि काच अशी पुसली, की जणू ती नाहीच. आज फाटक जवळ आलं तेव्हा साहेब फोनवर हसत होते. त्याने पुढचं बटण दाबलं, काच चोरपावलांनी वर गेली. साहेबांनी सवयीने कपातली कॉफी भिरकावली.



साहेबांच्या शर्टावरून ओघळणारी कॉफी आरशात बघत तो अदबीने म्हणाला, "काच दुरुस्त झाल्याचं सांगायचं राहूनच गेलं, साहेब."