अंगावरचे टाके

कोटाची बटणं काही केल्या लागेनात, तेव्हा शिंप्यानं उमेदवाराला सरळ कोटातच शिवून टाकायला घेतलं.

"श्वास सोडा," तो तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणाला. "आणि सभा संपेपर्यंत परत घेऊ नका."

दुकान एवढंसं. एक मशीन, एक आरसा, एक इस्त्रीचं टेबल, आणि दाराला पाठ लावून उभी वहिनी. प्रचार सगळा तिच्या हातात. दीर ऐन वेळी सटकू नये म्हणून दारही तिनंच अडवलेलं. रस्त्यापलीकडे मंडप होता आणि कर्ण्यावर तासभर एकच घोषणा चालली होती: आपला वीर, आपलाच आमदार!

कोट वीस वर्षांपूर्वीचा, फौजेतला. पोट मात्र आजचं.

"वहिनी, आज मी खरं काय ते सांगून टाकणार."

"सांगा की भाऊजी. तीन सभांत सांगितलंत, तिन्ही वेळा टाळ्या वाढल्या. लोक म्हणतात, एवढा पराक्रम करून माणूस किती साधा बघा!"

तिथंच तर घोडं अडलं होतं. त्यानं लढाईत एक गोळीसुद्धा झाडली नव्हती. तो फौजेत खेचरं हाकायचा. पण गोष्टीला पाय फुटले, त्याला तो काय करणार? गल्लीतून निघाली तेव्हा समोर सहा शत्रू होते, चौकात पोचेपर्यंत साठ झाले. परवा न्हाव्याकडे तर त्यानं म्हणे एक रणगाडा नुसत्या काठीनं हाकलून लावला. तो स्वतः तिथंच खुर्चीत बसला होता, पण गळ्यापाशी वस्तरा. मान हलवणार कशी?

दार वाजलं. वहिनी जरा सरकली आणि एक काटकुळी म्हातारी आत आली, हातात छोटी डबी. त्या लढाईत डोंगरावरच्या चौकीवर मारल्या गेलेल्या शिपायाची ही आई. डबीत मुलाचं पदक. आज स्टेजवर ती ते स्वतःच्या हातानं उमेदवाराच्या छातीवर लावणार होती.

त्यानं वहिनीकडे पाहिलंच नाही.

"मावशी, आधी माझं ऐका. तुमच्या मुलाला दारूगोळा पोचवायला मी वर गेलो नव्हतो. मी खाली पळत होतो."

"भाऊजी!"

"बोलू दे त्याला," म्हातारी म्हणाली.

"गोळीबार सुरू झाला. मी खेचराचं तोंड खाली वळवलं. तर ते गिरकी घेऊन वर सुटलं! पाठीवर पेट्या, मागं मी. दोरी मनगटाला गुंडाळलेली, गाठ सुटेना. फरफटत वर गेलो. ढोपरं सोलली ती काही शत्रूनं नाही."

शिंपी खो खो हसला. "हे झकास आहे, साहेब. हे स्टेजवर घ्याच."

म्हातारी हसली नाही. तिनं डबी टेबलावर ठेवली.

"ते वरच का पळालं, ठाऊक आहे?"

"नाही."

"माझा मुलगा त्याला रोज आपल्या चहातली साखर चारायचा. पत्रात लिहायचा, आई, मी फिका चहा प्यायला शिकलोय."

शिंप्याची सुई थांबली. उमेदवाराला मटकन खाली बसायचं होतं, पण कोट बसू देईना.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"वीस वर्षं. चौकीवरून परतलेल्या त्याच्या सोबत्यानं सांगितलं होतं."

"मग चला ना मावशी, दोघं मिळून सांगू! पदक तुमच्याकडेच राहू द्या. मी हा कोट फाडतो आणि घरी जातो."

त्याच्या आवाजात इतकी आशा होती, की वहिनीनं दाराला पाठ आणखी घट्ट लावली. पण अडवायची तिला गरजच पडली नाही.

"पदक घरीच आहे की इतकी वर्षं," म्हातारी म्हणाली. "डबीला कोण टाळ्या वाजवतं? तुझी गोष्ट सांगताना लोक म्हणतात, वरच्या चौकीवर हिचा मुलगा अडकला होता, त्याच्यासाठी हा गेला. दर वेळी त्याचं नाव निघतं. मी गर्दीत मागं उभी राहून ऐकते. तू वीर नसलास, तर त्याचं नाव कोण घेणार? खेचर?"

त्यानं टेबलावरच्या डबीकडे पाहिलं.

कर्ण्यावर त्याच्या नावाचा पुकारा झाला. म्हातारीनं डबी उचलली आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट पकडलं, नेमकं तेच, दोरीचा वळ असलेलं. हात तिचा वाळलेल्या काडीसारखा, पण पकड अशी की बोटं बधिर व्हावीत.

"चल. आणि ते साठ शत्रू तसेच राहू दे. साठ बरे वाटतात."

वहिनीनं दार उघडलं.

"अहो, थांबा! दोरा तोडायचा राहिलाय!" शिंपी ओरडला.

कोण थांबतंय? टेबलावरचं खाकी रीळ खाली पडलं, उंबऱ्यावरून उडी मारून बाहेर गेलं, आणि भर रस्त्यातून उलगडत उलगडत त्याच्या मागोमाग मंडपाकडे निघालं.