निळ्या दोऱ्याचे टाके

"लाइफ जॅकेटं कुठे आहेत?" मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं.

 भिकाजी मॅडमच्या खांद्याकडे बघत होता. तिथे नारिंगी कापडावर निळ्या दोऱ्याचे चार टाके होते. जाळी शिवायचा दोरा. मथुराने, त्याच्या बायकोने, बाराही जॅकेटांचे उसवलेले पट्टे त्याच दोऱ्याने पक्के केले होते. जॅकेटं कुठे आहेत हे तर समोरच दिसत होतं. एक मॅडमच्या अंगात होतं, एक विनीतच्या, आणि उरलेली दहा विनीतच्या होडीतून आत्ताच उतरलेल्या माणसांच्या.

खाडीच्या दोन काठांवर दोन होड्या. या काठाला भिकाजीची, पलीकडे त्याच्या मेव्हण्याची, विनीतची. जॅकेटं मात्र एकदाच घेतलेली, तीही भिकाजीने, मुंबईहून मागवून. तपासणीच्या मॅडम ज्या काठाला येणार असतील त्या काठाला आदल्याच फेरीत गाठोडं पोचायचं. मॅडम जॅकेटं मोजायच्या, वहीत खूण करायच्या आणि गाडीने परत जायच्या. आज विनीतची होडी तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, चला, पलीकडचीही आजच बघून टाकू. आणि जॅकेट चढवून त्याच होडीत बसल्या.

आता त्या धक्क्यावर दंडाचं पावतीपुस्तक उघडून उभ्या होत्या. भिकाजीच्या होडीत नऊ माणसं बसलेली. एकाच्याही अंगात जॅकेट नाही.

"जादा माणसं भरल्याच्या दोन पावत्या या वर्षी झाल्यात, ही तिसरी. परवाना रद्द होईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग? तो विनीत बघा. काल-परवा परवाना मिळालेला माणूस. बारा माणसं, बारा जॅकेटं. तुम्ही तीस वर्षं होडी चालवताय. त्याच्याकडून शिका जरा."

होडीतलं कोणीतरी फिसकन हसलं. ते निळे टाके न ओळखणाऱ्या त्या धक्क्यावर एकट्या मॅडमच होत्या. विनीत वाकून दोरीशी चाळा करत होता. बांधलेली गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. मान काही वर केली नाही त्याने.

ते माझं आहे. भिकाजीच्या जिभेवर एवढे तीन शब्द येऊन थांबले होते. बारा जॅकेटं घेणाऱ्याला दंड आणि एकही न घेणाऱ्याला शाबासकी, हा कुठला न्याय? पण बोलला तर विनीतचा परवाना जाणार. वैशाखात लग्न झालेलं त्याचं. मथुरासमोर मग कुठल्या तोंडाने जेवायला बसायचं? आणि नाही बोलला तर उद्यापासून स्वतःची होडी वाळूवर. ओहोटीत अडकलेल्या होडीला निदान भरतीची वाट बघता येते. त्याला तेवढंही नव्हतं.

"नाहीत माझ्याकडे," तो म्हणाला.

मॅडम लिहू लागल्या. त्यांच्या पाठीमागे, पायरीवर, मासे विकणारी चंपा टोपली खाली ठेवून अंगातलं जॅकेट ओढून काढत होती. "अगो बाय, जीव घुसमटला नुसता." जॅकेट तिच्या हातातून निसटलं आणि पाण्यात पडलं.

धावलं कोणीच नाही. जॅकेटच ते, जाणार कुठे? चंपाने सावकाश होडीतलं वल्हं ओढून घेतलं आणि पुढे केलं.

भिकाजी मॅडमच्या खांद्यावरून बघत होता. जॅकेट क्षणभर पाण्यावर पसरलं. मग कडेने काळपट होत गेलं. बारीक बुडबुडे आले. भांडी घासायचा स्पंज भिजतो तसं ते जड झालं, एका बाजूला कललं आणि खाली गेलं. वर आलं नाही. चंपाच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं. तिने भिकाजीकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरला.

चार वर्षांत एकही जॅकेट कधी पाण्यात गेलं नव्हतं. मथुरा ती प्लास्टिकमध्ये बांधून फळीवर ठेवायची. खाऱ्या पाण्याने खराब होतील म्हणून शिंतोडा उडाला तरी पुसून उन्हात घालायची.

"सही करा."

त्याने सही केली. अक्षर वाकडं आलं. मॅडमनी पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि वळल्या. "चला विनीत, मला सोडा. माझी गाडी तिकडे आहे."

ओहोटी जोरात होती. खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहू लागल्या होत्या. विनीतच्या होडीत परतीची माणसं चढत होती. नारिंगी ढिगातून जो तो एकेक जॅकेट उचलत होता. एक बाई आपल्या लेकीचा पट्टा आवळत म्हणाली, "घट्ट बांध गो. हे असलं की भीती नाय."

विनीतने आता कुठे मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "भावजी," एवढंच तो पुटपुटला. तो वाचला होता. भिकाजीची पावती भिकाजीच्या मुठीत होती. आता गप्प राहिलं की झालं.

मॅडम होडीत बसल्या. छातीवरचं बकल त्यांनी खटकन लावलं.

भिकाजी गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने होडीची कड धरली.

"उतरा, मॅडम. ते जॅकेट माझं आहे. सगळी माझीच आहेत."