उलटा बाण

"काका, टायर उलटा बसवला तुमी. बाण पाहा, चाक फिरते तिकडं पायजे, तं मागं दाखवून राहिला," टायरच्या दुकानात दामिनी म्हणाली. मोपेडवर फुलांची पोती लादून ती रोज हायवेनं तिवशाहून अमरावतीला यायची. ओल्या रस्त्यावर असा टायर घसरला की खेळ खलास. शिवाय वजनात एक फूल जास्त न देणारी बाई, ती टायरात काय सोडणार?

"तीस वर्षं झाले मले या धंद्यात," नत्थुजी तापले. "आता बायकायनं टायर शिकवावं?"

बाकड्यावरची माणसं हसली. त्यांच्यात शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हरही होता, चार नवे टायर घेऊन आलेला.

"मंग दाखवा ना, कुठी हाय बाण?"

नत्थुजी वाकले, टायरवरून हात फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं. "हा काय! सरळ तं हाय."

बोट कंपनीच्या नावावर होतं. ठसठशीत बाण वीतभर पलीकडं. दामिनीनं त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं; बुबुळांवर पांढुरकी साय धरली होती. आता तिच्या एका शब्दावर दुकान बंद पडलं असतं.

"हो काका, माहीच चूक," ती म्हणाली. "पण मले उलटाच पायजे. फिरवून द्या."

बाकडं पुन्हा खदखदलं. नत्थुजींनी टायर फिरवून दिला.

"चला, आता माहे चार घ्या," व्हॅनचा ड्रायव्हर उठला.

दामिनी मोपेड सुरू करणार, तोच नत्थुजी जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, बस जराशी. याच्या टायरायचे बाण सांगत जाय मले."